सत्यभामेची रुई

जैबुनबींनी रजईवर हात ठेवला आणि बराच वेळ उचललाच नाही.

समोर जफर उभा होता, कौतुकाची वाट बघत. गुलाबी साटीनची खोळ, कडेनं हिरवी पट्टी, मधोमध टाक्यांचं कमळ. मारेगावच्या त्यांच्या गादीघरातून इतकी देखणी रजई आजवर बाहेर पडली नाही असं त्याचं स्वतःचं मत होतं, आणि खरं सांगायचं तर ते फारसं चूक नव्हतं. अम्मी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी वणीला धाकट्या भावाकडे, अफरोजकडे, राहिली होती तेवढ्यात त्यानं ती भरली, शिवली आणि मोठ्या पलंगावर पसरून ठेवली. अम्मी परत आली की खूश होईल, एवढाच त्यामागे विचार.

"कशी झाली, अम्मी?"

"खोळ चांगली हाये," जैबुनबी म्हणाल्या. एका डोळ्यावर अजून पट्टी होती, दुसऱ्यानं धूसर दिसत होतं. पण जन्म रुईत गेलेल्या बाईला रुई बघायला डोळे लागत नाहीत. "अंदर कोनाची रुई हाये?"

"सत्यभामाकाकूचीच."

"जफर."

"अन् थोडी आपली," जफर म्हणाला. "अम्मी, गाठोड्यात उंदरानं घर केलतं. पावभर रुई खराब झाली होती. लग्नाची रजई, मंग म्हटलं कमी काहून द्यावं? आपली चांगली लांब धाग्याची घातली, अन् दोन्ही मिळून मशिनीतून काढली. पाह्य ना कशी फुलली."

जैबुनबींचा हात तसाच होता. सत्यभामेची रुई देशी कापसाची. आखूड, जराशी खरबरीत, दाबली की लगेच वर येणारी. हाताखालची ही रुई मऊ होती, गुळगुळीत होती, दाबलं तिथं दबून राहत होती. त्या पलंगाच्या काठावर बसल्या. त्यांना रडू येत होतं आणि ऑपरेशनवाल्या डॉक्टरनं तर रडायचं नाही म्हणून बजावलं होतं.

"बेटा, तू चोरी नाई केली," त्या म्हणाल्या. "केली असती तर बरं होतं. चोरलेलं परत ठेवता येते. हे आता कसं वेगळं करू?"

जफरला आता कुठे कळायला लागलं, आणि कळलं तसा त्याचा चेहरा उतरला. त्यानं कमी केलं नव्हतं, उलट वाढवलं होतं. पिंजाऱ्याच्या धंद्यात गिऱ्हाइकाला पदरचं घालून देणारा माणूस म्हणजे देवमाणूस. पण सत्यभामा गिऱ्हाईक नव्हती.

सत्यभामा म्हणजे किसनरावांची बायको, आणि जैबुनबींची जिवाभावाची मैत्रीण. किसनरावांचं शेत मारेगावच्या शिवेला लागून. त्यांची मुलगी विजयमाला हिनं कोळसा खाणीत काम करणाऱ्या परजातीच्या गोपालशी लग्न केलं आणि ती वणीला गेली, तेव्हा किसनराव ओट्यावर उभे राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलले होते, "या घरचा सुताचा धागाही तुले भेटनार नाई." माणूस हट्टी. बोलून गेले आणि बोललेलं गळ्यात अडकवून बसले. ना गिळता येई, ना थुंकता येई.

सत्यभामेनं नवऱ्याचा शब्द मोडला नाही. पण शेताच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून देशी कापसाच्या दोन ओळी तिच्या होत्या. सगळ्या शिवारात बीटी आलं तरी त्या दोन ओळी तिनं सोडल्या नाहीत. पहिल्या वेच्याच्या दिवशी सीतादहीची पूजा व्हायची, दहीभाताचा नैवेद्य शेताला दाखवायचा, मग ती कंबरेला कापडाची ओटी बांधून त्या ओळी एकटी वेचायची. दुपारभर बसून बोटांनी सरकी काढायची. जिनिंगला घालायला तो कापूस होता तरी किती! मग ती मूठमूठ रुई ओटीत घालून इथे आणायची आणि जैबुनबींच्या गाठोड्यात टाकायची. वर हसून म्हणायची, "धागा द्यायचा नाई म्हनते ना? रुईचा अजून धागा झाला कुठी!"

शेवटची आली तेव्हा हसली नव्हती. "जैबुन, हे तुह्याकडं अमानत. मह्या नातीच्या लग्नात दे. तिच्या मायच्या लग्नात मले हळदीचं बोटही लावता नाई आलं."

त्या उन्हाळ्यात ती गेली. तेव्हापासून दर दिवाळी सरली की जैबुनबी गाठोडं सोडायच्या, रुई गच्चीवर उन्हात घालायच्या, संध्याकाळी गोळा करून सत्यभामेच्याच लुगड्याच्या पट्टीनं तिनं मारली होती तशी गाठ मारायच्या. त्या दिवशी त्या कुणाशी फारसं बोलत नसत. रुई उन्हात तापली की सत्यभामा शेजारी येऊन बसल्यासारखं वाटायचं. यंदा तेवढं ऑपरेशनमुळे राहून गेलं.

चहाचे कप घेऊन अफरोज आत आला. धाकटा, अम्मीला सोडायला आलेला, वणीला ट्रकदुरुस्तीचं गॅरेज चालवणारा, जगाची रीत जाणणारा. त्याच्या मागे जफरची मुलगी माहनूर. दोघांनी बाहेरून सगळं ऐकलं होतं. या घराला दारं होती, पण ती लावायची पद्धत नव्हती.

"अम्मी, एवढ्यासाठी कायले जीवाले लावून घेते?" अफरोज म्हणाला. "वजन पुरं हाये. पुरं काय, जास्तच हाये. विजूताई आता येऊन राह्यली. पोरीच्या, अपेक्षाच्या, लग्नाच्या धामधुमीत तिले काय कळनार रुई कोनती अन् काय?"

"वजनाचं कोन बोलते रे?"

"मंग कायचं?"

"तुह्या अब्बानं तुले शिकवलं नाई? का तू तवाही गॅरेजमधीच होता?" जैबुनबींचा आवाज चढला. "शेजारनीकडून वाटीभर साखर उसनी आनली, तर वाटीभर परत करायची. तेवढी. साखर कोनतीही चालते. पन अमानत म्हंजे तेवढं नाई. तेच. जे ठेवलं तेच. फाटलं असन तर फाटलेलं, उंदरानं खाल्लं असन तर खाल्लेलं. वरतून आपलं सोनं घालाचाही हक नाई आपल्याले."

मस्तानभाई, म्हणजे या मुलांचे अब्बा, शाळेत दुसरीच्या पुढे गेले नव्हते; पण हा एक शब्द त्यांनी आयुष्यभर चघळला होता. पेरणीच्या दिवसांत माणसं घरची भांडी, मूर्ती, लेकीबाळींचे पैंजण त्यांच्याकडे सांभाळायला ठेवून जात. त्यातल्या एकालाही त्यांनी कधी फडकं लावून चकाकवलं नाही. काळं ठेवलं ते काळंच परत द्यायचे. लोक हसायचे.

"आमच्या उर्दूच्या मॅडमनं सांगतलं होतं," माहनूर हळूच म्हणाली. ती डीएड करत होती. "अमानत अरबी हाये, दादी. अमन, अमीन, ईमान, सगळे एकाच मुळाचे. मूळ अर्थ बेफिकीर होनं. भेव जानं. म्हंजे ठेवनारा घरी जाऊन निवांत झोपला पाह्यजे."

"हां. अन् ठेवून घेनाऱ्याची झोप गेली पाह्यजे," जैबुनबी म्हणाल्या. "हे नाई सांगतलं मॅडमनं?"

अफरोजनं कप खाली ठेवला. "ठीक हाये. पन अम्मी, सत्यभामाकाकू तर गेली. आता खरं सांगून कोनाले झोप येनार हाये? विजूताईची जाईन तेवढी."

जैबुनबींनी रजईची घडी घालायला घेतली. आणि तेवढ्यात दारात विजयमाला उभी राहिली.

विजयमाला सकाळच्या बसनं आली होती. वणीचं स्टँड, मग खिडकीबाहेर कोळशाच्या ट्रकांची रांग, मग कापसाची शेतं. दर वेळी बस त्या एका वळणावर आली की ती मान दुसरीकडे फिरवायची, कारण त्या वळणावरून बापाचं शेत दिसायचं. आज तिनं मान फिरवली नाही. अपेक्षाच्या साखरपुड्यात जैबुनचाचीनं कानात सांगितलं होतं, तुह्या मायची रुई माह्याजवळ हाये, नातीसाठी ठेवली. तेव्हापासून तिचं मन थाऱ्यावर नव्हतं. आई गेली तेव्हा ती स्मशानाच्या कुंपणाबाहेर उभी होती. आईचं म्हणून तिच्याकडे काही नव्हतं, अगदी एक चमचासुद्धा नाही. गोपाल म्हणाला होता, "अवं, रुईच तं हाये." चांगला माणूस, पण काही गोष्टी चांगल्या माणसालाही कळत नाहीत.

"हेच काय, चाची?" तिनं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता रजई दोन्ही हातांनी उचलून तोंडावर घेतली. गुडघ्यांवर बसली.

"आईचा वास येते," ती रजईतून म्हणाली. "खरंच येते, चाची. शेताचा. तिच्या हाताचा."

अफरोजनं आईकडे पाहिलं. डोळ्यांनीच हात जोडले. राहू दे, अम्मी. आता राहू दे.

जफर भिंतीला टेकला होता. क्षणभर त्यालाही वाटलं, आपण वाचलो. एक गप्प बसणं, आणि सगळ्यांची सुटका. ती रडत होती, पण ते रडणं सुखाचं होतं. असं सुख कुणी हातानं काढून घेतं का? मग त्याला अब्बांच्या कपाटातली काळी पडलेली भांडी आठवली आणि तो पुढे झाला.

"विजूताई, ते आपल्या दुकानच्या रुईचा वास हाये."

त्यानं सगळं सांगितलं. उंदीर, मशीन, वरून घातलेली रुई. सांगताना त्याची मान खाली होती. जैबुनबींनी त्याला मध्ये एकदाही थांबवलं नाही, सावरून घेतलं नाही.

विजयमालानं रजई मांडीवर घेतली. ती बोलली ती रागानं.

"मंग सांगतलं काहून? दोन घडी मले माय भेटली होती. तेवढीही तुमाले पाहवली नाई?"

"भेटली नव्हती, बेटा," जैबुनबी म्हणाल्या.

"मले काय फरक पडत होता!"

"मले पडत होता. ती मह्या भरवशावर निवांत गेली."

विजयमाला रडली. जैबुनबी डॉक्टरचं विसरल्या आणि त्याही रडल्या. माहनूरनं पाणी आणून दिलं. पाणी पिऊन झाल्यावर विजयमाला उठली, जफरच्या समोर गेली. लहानपणी याच दुकानात रुईच्या ढिगावर दोघं उड्या मारायचे आणि दोघांनाही मस्तानभाईंच्या शिव्या बसायच्या.

"जफरदादा, तू मुद्दाम नाई केलं. मी माफ केलं तुले. जाऊ दे."

"तू केलं ते तुह्या वाट्याचं," जैबुनबी मागून म्हणाल्या. "रुई सत्यभामेची. ती नाई, तर तिच्या मागं जे हायेत त्यायचा हक. हक ज्याचा, माफी त्याची. तू अर्धी झाली. अर्धा अजून शेतात बसला हाये."

खोलीतली हवाच बदलली. अफरोज म्हणाला, "अम्मी, किसनकाका? त्यायले तं माहीतच नाई का काकू इथी रुई ठेवत होती! आता जाऊन सांगतो, का तुमच्या चोरून तुमच्या बायकोनं..."

"हो. तेच सांगा लागते."

"मी त्या दारात पाय नाई ठेवत," विजयमाला म्हणाली.

"तुले कोन म्हनते पाय ठेव? तू गाडीत बस. माफी आमाले मागाची हाये. पन रजई तुही, अन् तुह्याबिगर ती हलवाचा मले हक नाई." जैबुनबींनी चपला शोधायला सुरुवात केली. "अफरोज, गाडी काढ."

या म्हातारीला सगळ्यांना एका गाडीत कोंबायचं होतं की खरोखर ईमान सांभाळायचं होतं, हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं दोन्हीला हो म्हटलं असतं.

किसनराव धुऱ्यावरच्या पळसाखाली बसून विळ्याची धार लावत होते. पुतण्याची बायको आणि मजूर बाया पलीकडच्या तासांत, पिकाच्या ओळींत, बीटीचा दुसरा वेचा करत होत्या. वाटेवर पिकअप थांबलेली त्यांनी पाहिली. त्यातून एक डोळा झाकलेली जैबुनबी उतरली, जफरचा हात धरून ढेकळातून चालत येऊ लागली. मागे गाडीत आणखी कुणीतरी बसलं होतं. पदर डोक्यावर, मांडीवर गुलाबी काहीतरी. किसनरावांची नजर तिथे गेली आणि परत विळ्यावर आली. धार लागली होती, तरी ते लावत राहिले.

"राम राम, किसनभाऊ."

"बसा, भाबी. डोया कसा हाये?"

"डोयाचं मंग सांगतो. आधी आमचा गुन्हा ऐका."

जफरनं दुसऱ्यांदा सांगितलं. या वेळी अधिक कठीण होतं, कारण सुरुवातीपासून सांगायचं होतं. काकू दर साली रुई आणायची. लपवून. विजूताईच्या पोरीसाठी. किसनराव ऐकत होते. विळा थांबला होता.

"कमी झाली?" त्यांनी विचारलं.

"कमी नाई, काका. मी आपली मिसळली. आता ते काकूची राह्यली नाई. मले माफ करा."

किसनरावांनी विळा खाली ठेवला. जफरला वाटलं, आता हे चोरीवर येणार. बायकोच्या, आमच्या, सगळ्यांच्या.

"तुमाले काय वाटते, मले माहीत नव्हतं?" किसनराव म्हणाले. ते जैबुनबींशी बोलत होते. "भरल्या ओटीनं बाजाराले जाये अन् रिकाम्या ओटीनं परत ये. अन् तोंड असं, जसं देवाले जाऊन आली. मले काय दिसत नव्हतं? ती निघाली का मी गोठ्यात जाऊन बैलाकडं तोंड करून उभा राहो. म्हनो, जाऊ दे, मी पाह्यलंच नाई. माह्या जिभेनं मले बांधलं होतं, भाबी. तिचे हात मोकळे होते, तं मी म्हनो, तिच्या हातानं तरी जाऊ दे."

"तिले कधी सांगतलं नाई?"

"नाई." त्यांनी मान हलवली. "राह्यलं. सांगाचंच राह्यलं."

जैबुनबींना एकदम सत्यभामेचं ते भीतभीत येणं आठवलं, पदराखाली ओटी लपवणं, ह्यायले कळलं तर, असं दर वेळी म्हणणं. तिला शेवटपर्यंत भीती होती आणि भीतीचं कारणच नव्हतं. त्यांना किसनरावांचा राग आला, आणि त्या रागासकट त्यांची कीवही आली.

"जफर, तुहं माफ," किसनराव म्हणाले. "तू घातलंच, काढलं तं नाई."

ते उठले. गुडघ्यावर हात देऊन, सावकाश. धुऱ्याच्या पलीकडे बोट केलं. बीटीच्या भरघोस तासांच्या कडेला दोन ओळी होत्या. उंच, किडमिड्या, बारीक पानांच्या. बोंडं छोटी, पण सगळी फुटलेली. काहींतला कापूस खाली लोंबत होता, काही रिकामी होती, आणि खालच्या काट्याकुट्यांना पांढरे पुंजके अडकलेले होते.

"तिनं बोटानं काढलेली सरकी कोठीत होती," ते म्हणाले. "तेच पेरली. त्याच्या पुढच्या साली तिच्यातलीच. बियान्यापुरते चार बोंडं तोडतो, बाकीचं वारा नेते. सून म्हनते, मामाजी, वेचू काय? मी म्हनतो, नोको. ते आपलं नाई."

जैबुनबींनी त्या ओळींकडे पाहिलं. एका डोळ्यानं, धूसर. त्यांना पांढरं पांढरं तेवढं दिसलं, आणि ते पुरलं.

पिकअपचं दार वाजलं. विजयमाला खाली उतरून वाटेवरच उभी होती. रजई गाडीत राहिली होती. इथून तिथपर्यंत साधं बोललं तरी ऐकू जाईल एवढंच अंतर, आणि दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं नाही.

"भाबी," किसनराव जरा मोठ्यानं म्हणाले, तोंड जैबुनबींकडे ठेवून, "बोंडं फुटून राह्यले. लग्नाले अजून टाइम हाये. ज्याले आपल्या मायची रुई पाह्यजे असन त्यानं वेचून न्याव. माही काई हरकत नाई."

बीटीच्या तासातल्या बाया वाकलेल्या जागी थांबल्या होत्या.

"चाची," विजयमालाचा आवाज आला, आणि तो फाटलेला होता, "त्यायले सांगा, मी ओटी नाई आनली."

जैबुनबींनी तोंड उघडलं, निरोप पोचवायला. पण किसनराव वळले होते. कितीतरी वर्षांनी सरळ तिच्याकडे बघत होते.

"तुह्या मायची हाये घरी," ते म्हणाले. "तिनं टांगली तशीच खुंटीले हाये. मी कोनाले हात लावू देला नाई."